दोनशे मीटर उजेड

जावकराव हे नाव काही त्यांच्या आत्याने पाळण्यात ठेवलेलं नव्हतं. पण पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जो माणूस बावीस वर्षं जावक टेबलावर बसतो, दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं क्रमांक घालून, शिक्का मारून, पाकिटात कोंबून बाहेर पाठवतो, त्याचं मूळ नाव हळूहळू कुठेतरी गहाळ होतं. पगारपत्रकावर ते होतं म्हणतात. बाकी कचेरीत, गल्लीत आणि रागात असताना घरीसुद्धा ते जावकराव होते.

बावीस वर्षांत त्यांनी स्वतःहून एकही निर्णय घेतला नव्हता आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. पाकिटाला डिंक किती लावायचा एवढा निर्णय सोडला तर त्यांच्या टेबलापर्यंत काही पोहोचतच नसे. अशा माणसाच्या हातात एका सोमवारी साहेबांनी कागद ठेवला. मोजणीदार निवृत्त झाले होते, नवा माणूस मिळेपर्यंत त्यांचा अतिरिक्त कार्यभार जावकरावांकडे देण्यात येत होता. त्यासोबत ताब्यात आलेल्या वस्तूंची यादी होती: खुर्ची एक, नोंदवही एक, किल्ली एक, टॉर्च एक (बंद).

काम सोपं होतं. गावाला पाणी पुरवणारी मोठी टाकी जमिनीखाली होती. रोज सकाळी साडेसातला तिथे जायचं, लोखंडी दार उघडायचं, समोरच्या भिंतीवरच्या पातळीपट्टीवर पाणी कुठपर्यंत आहे ते बघायचं, आकडा वहीत लिहायचा आणि नियंत्रण कक्षाचा फोन आला की सांगायचा. मग कचेरीत येऊन डिंक लावायला मोकळे.

पहिल्या दिवशी जावकरावांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थबकले. आत जमिनीखाली एक अख्खा दरबार भरलेला होता. दगडी खांबांच्या रांगाच्या रांगा, त्यांच्यामध्ये काळं, निश्चल पाणी, आणि दुसऱ्या खांबानंतर जो अंधार सुरू होत होता तो थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. ती भिंत दारापासून एकशेऐंशी मीटरवर होती आणि पट्टी त्या भिंतीवर होती. पूर्वी पट्टीपर्यंत जायला एक होडी असे. ती गळायला लागल्यावर तिला निर्लेखित करण्यात आलं, म्हणजे ती आहे हे कागदावरून काढून टाकलं. पट्टी दाराजवळ का नाही, असा प्रश्न टाकी बांधल्यापासून कोणी विचारल्याची नोंद नव्हती.

त्यांनी ताब्यातला टॉर्च आत मारून पाहिला. तो खरोखरच बंद होता.

"मोजणीदार कसे बघायचे हो?" त्यांनी पंपवाल्याला विचारलं. पंपवाला हा तिथला एकमेव जिवंत कर्मचारी. पंपाच्या आवाजात राहून त्याला कमी बोलायची सवय लागली होती.

"बघायचे," पंपवाला म्हणाला.

तेवढ्यात फोन आला. पलीकडून कक्षातल्या माणसाने आकडा विचारला. जावकरावांनी टॉर्च बंद असल्याची हकिकत सांगायला सुरुवात केली.

"बरं, मग कालचाच लिहितो. चार पूर्णांक बासष्ट," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसरा कोणी असता तर तिथेच सुखी झाला असता. पण जावकरावांना प्रथमच स्वतःचं असं एक काम मिळालं होतं. ते संध्याकाळी मुद्दाम मोजणीदारांच्या घरी गेले. मोजणीदार खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. जाड भिंगाचा चष्मा, त्यावर हातात आणखी एक भिंग. जावकरावांनी विचारलं, तुम्ही कोणता टॉर्च वापरत होता?

"टॉर्चवर काही नसतं," मोजणीदार म्हणाले. "नजर तयार व्हावी लागते. एकोणीस वर्षं गेली माझी."

भिंगाखाली अक्षर शोधणाऱ्या त्या नजरेकडे बघून जावकरावांच्या मनात एक शंका चमकली, पण ज्येष्ठांबद्दल शंका घ्यायची त्यांना सवय नव्हती. ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "लांबचा टॉर्च घ्यावा लागणार."

"ते गृहस्थ इतकी वर्षं कशानं बघत होते?" बायकोने विचारलं.

"नजरेनं."

"मग नजर ताब्यात दिली नाही का यादीत?" असं म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

साहेबांनी टॉर्चला मंजुरी दिली, पण दीड हजाराच्या आत. दीड हजाराच्या वर एक पैसा गेला तर कागद मुख्यालयात जाणार, आणि मुख्यालयात गेलेला कागद परत आलेला पाहिलेली पिढी आता हयात नव्हती. शिवाय तीन दरपत्रकं हवीत, खरेदी किरकोळ खर्चातून हवी आणि वस्तू दरसूचीत हवी. दरसूचीत टॉर्च नव्हता. 'प्रकाश-साधन, हातात धरण्याचे, कंदील व मेणबत्ती वगळून' असं मात्र होतं. जावकरावांना फार आनंद झाला. पण किरकोळ विभागाने सांगितलं, सेलवर चालणारा असेल तर दरवर्षी सेलची तरतूद दाखवा. चार्जिंगचा असेल तर तो आमचा नाही, विजेचा. वीज विभागाने सांगितलं, जे भिंतीला कायमचं जोडलेलं नाही ते आमचं नाही. अखेर जावकरावांनी एक टिपण तयार केलं की सदर टॉर्च सेलचा आहे, परंतु ते सेल चार्ज होतात, तथापि ते कर्मचारी स्वतःच्या घरी चार्ज करील. तेव्हा कुठे दोन्ही विभाग शांत झाले, कारण आता ती वीज जावकरावांची होती.

यानंतर जावकराव अभ्यासाला लागले. बावीस वर्षं आयत्या मजकुरावर शिक्के मारलेल्या माणसाला वाचायची भूक किती असते याची कल्पना तोवर कोणालाच नव्हती. रोज रात्रीच्या जेवणानंतर मोबाइल नाकाला लावून ते बसत. चार दिवसांत त्यांना कळलं की बाजारात ज्या ल्युमेनच्या फुशारक्या मारतात ते म्हणजे नुसता एकूण उजेड. तो दिव्यामागच्या चकचकीत, पसरट वाटीतून पडला तर अंगण उजळेल, पण लांब जाणार नाही. लांब जायचा असेल तर वाटी खोल हवी, दिवा बारीक हवा आणि उजेडाचा झोत दोरीसारखा वळलेला हवा. आठव्या दिवशी त्यांना आणखी भयंकर गोष्ट कळली. खोक्यावर जे अंतर छापतात तिथे उजेड पोहोचतो तो चांदण्याएवढा. म्हणजे खोका खरं बोलत असला तरी निम्म्यावर विश्वास ठेवायचा, आणि खोका खरं बोलत नसतोच.

हे ज्ञान त्यांना पोटात ठेवता येईना. कचेरीत पाकीट घ्यायला आलेल्या शिपायाला ते वाटीची खोली समजावून सांगत. घरी बायको म्हणाली, "काल तुम्ही झोपेत 'झोत बारीक करा' म्हणालात. मी पंखा बारीक केला."

शेजारी निवृत्त स्टेशनमास्तर राहत होते. आयुष्यभर हिरवा-लाल दिवा हलवलेला असल्याने उजेडाच्या बाबतीत आपण अखेरचे न्यायालय आहोत अशी त्यांची समजूत होती. ते बोलावल्याशिवाय आले.

"बॅटरी घेता आहात असं ऐकलं. कशाला? आमच्या वेळचा कंदील मैलावरून दिसायचा."

"मास्तर, कंदील दिसायचा. कंदिलात मैलावरचं दिसायचं नाही. मला समोरचं बघायचंय."

मास्तरांनी यावर थोडा वेळ विचार केला. हा फरक त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी त्यांच्या लक्षात आणून दिला नव्हता. मग ते म्हणाले, "तरी मी दुकानात सोबत येतो. एकट्याला फसवतील."

विजेच्या सामानाचं दुकान बोळात होतं. दुकानदाराने काचेच्या कपाटावर एकामागून एक सात टॉर्च मांडले. एकावर दोन किलोमीटर लिहिलं होतं, दुसऱ्यावर पाच. एका गुबगुबीत टॉर्चवर तर आकडा नव्हता, नुसतं विमानाचं चित्र होतं.

"हा दोन किलोमीटर जातो," दुकानदार म्हणाला.

"जातो म्हणजे? तिथलं दिसतं का?" जावकरावांनी विचारलं.

"आता तिथे जाऊन कोणी बघितलंय साहेब. पण जातो."

दुकानदाराने टॉर्च बोळात मारून दाखवला. बोळ बारा मीटरचा होता. समोरच्या शिंप्याच्या भिंतीवर प्रत्येक टॉर्चचा उजेड सारखाच दणदणीत पडत होता आणि शिंपी दर वेळी डोळ्यावर हात धरून काही पुटपुटत होता. जावकरावांनी मात्र सगळ्या वाट्यांमध्ये डोकावून, बोट घालून, खोली मोजून मधला एक सडपातळ काळा टॉर्च उचलला. त्यावर काहीच फुशारकी छापलेली नव्हती. किंमत दीड हजाराच्या वर होती. पण एक नग काचेत उन्हाला ठेवून एका बाजूने विटलेला होता, तो दुकानदार चौदाशे नव्वदला द्यायला तयार झाला. बायकोने पुढे विचारलं तेव्हा जावकराव म्हणाले, "विटलेली बाजू मागे येते. उजेड पुढून निघतो."

दरपत्रकांचा प्रश्न दुकानदाराने जागच्या जागी सोडवला. खणातून त्याने तीन निरनिराळी पॅडं काढली. एक स्वतःचं, एक भावाचं आणि एक सासऱ्यांचं, जे वारल्याला सहा वर्षं झाली होती. तिन्हींवर त्याने एकाच पेनाने भाव लिहिले आणि सासऱ्यांचा भाव सगळ्यात चढा ठेवला. "हयातीतही त्यांचा तसाच होता," तो म्हणाला.

पण विकत घेण्यापूर्वी चाचणी हवी, असा जावकरावांचा आग्रह होता. चाचणीशिवाय प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्राशिवाय बिल नाही. दुकानदाराने एका संध्याकाळपुरता टॉर्च दिला. आता दोनशे मीटरची सरळ रेषा आणायची कुठून? मास्तरांनी सुचवलं की आपल्या इमारतीच्या गच्चीवरून पलीकडच्या चौकातली इमारत दिसते, तिच्या गच्चीवरची पाण्याची टाकी हे उत्तम लक्ष्य आहे. अंतर मोजायला शिंप्याची टेप आणली. ती दीड मीटरची होती. भर रहदारीत दोन पोक्त गृहस्थ एकेक टोक धरून ओणवे होत, खडूची रेघ मारत, सरकत, पुन्हा ओणवे होत चौकापर्यंत गेले. एकशेतेहतीस टेपा आणि वर अर्धा मीटर. वाटेत एका रिक्षावाल्याने काय हरवलंय विचारलं, आणि मास्तरांनी त्याला "मोजणी चालू आहे" असं सांगितल्यावर, रस्ता रुंद होणार या समजुतीने चार दुकानदार आपापल्या पाट्या आत घ्यायला लागले.

दिवेलागणीला दोघे गच्चीवर चढले. जावकरावांनी टॉर्च दोन्ही हातांत धरला, टाकीवर रोखला आणि बटण दाबलं. झोत सरळ निघाला, दोरीसारखा वळलेला, अगदी वाचल्याप्रमाणे. पण आयुष्यात पहिल्यांदाच एवढं बळ हातात आल्यामुळे जावकरावांचा हात थोडा खाली गेला. टाकीच्या ऐवजी चौथ्या मजल्याची गॅलरी उजळून निघाली. तिथे एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून रोपांना पाणी घालत होते. अचानक रंगमंचावर आल्यासारखे झाल्याने त्यांनी डोळ्यांवर घाईघाईने दोन्ही हात नेले, आणि टॉवेलला तेव्हा एका तरी हाताची गरज होती.

पंधरा मिनिटांत ते गृहस्थ, आता पॅंट घालून, आणखी तिघांना घेऊन जावकरावांच्या दारात उभे होते. सभ्य वस्तीत हे काय चाललंय, असं त्यांचं म्हणणं होतं. जावकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कचेरीचं मंजुरीपत्र पुढे केलं, हात जोडले, चाचणीचा उद्देश सांगितला. गृहस्थ थोडे निवळले असते. पण मास्तर मध्ये पडले.

"तुम्ही अजिबात गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "दोनशे मीटरवरून सगळं अगदी स्वच्छ दिसलं. म्हणजे बॅटरी उत्तम आहे."

पुढचा अर्धा तास जावकराव विसरायचा प्रयत्न करत असतात. बायकोने सगळ्यांना बसवलं, चहा केला आणि गृहस्थांच्या रोपांची चौकशी केली म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. मात्र त्या रात्री जावकरावांनी मान खाली घालून प्रमाणपत्र लिहिलं: 'सदर टॉर्च प्रत्यक्ष चाचणीत दोनशे मीटर अंतरावरील वस्तू स्पष्ट दाखवतो.' वस्तू कोणती ते लिहिलं नाही.

तीन आठवडे आणि एकवीस सह्यांनंतर टॉर्च रीतसर ताब्यात आला. त्या सकाळी जावकरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या दिवसापासून कक्षातला माणूस रोज 'कालचाच' लिहीत होता, ते आज थांबणार होतं. पंपवाल्याला सोबत घेऊन त्यांनी लोखंडी दार उघडलं, टॉर्च रोखला.

झोत खांबांमधून सुतासारखा सरळ गेला आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन थांबला. भिंत लख्ख दिसली. तिचे दगड मोजता येत होते. दगडांमधला चुना दिसत होता, ओलीचे डाग दिसत होते. पट्टी नव्हती.

जावकरावांनी झोत डावीकडे नेला, उजवीकडे नेला, वर नेला. एका ठिकाणी चार गंजलेले खिळे दिसले आणि त्यांच्यामध्ये एक उभा, फिकट पट्टा. पूर्वी तिथे काहीतरी होतं याची ती खूण होती.

"पट्टी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"रंगवायला काढली होती," पंपवाला म्हणाला.

"कधी?"

पंपवाल्याने आठवून पाहिलं. "तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं."

"आणि आता?"

"थोरली कॉलेजात आहे."

जावकराव मोजणीदारांच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी नोंदवही मागे मागे उलटली. मोजणीदारांची शेवटची नोंद चार पूर्णांक बासष्ट. गेल्या वर्षी त्याच तारखेला चार एकसष्ट. त्याच्या आदल्या वर्षी चार साठ. सुबक अक्षर, दोन दशांश स्थळं, एकही खाडाखोड नाही. दर वर्षी जुनी वही बघून मोजणीदारांनी प्रत्येक नोंदीत एकेक सेंटिमीटर वाढवला होता. पाच मीटर खोलीची टाकी या हिशेबाने अडतीस वर्षांनी कागदावर भरून वाहायला लागली असती.

फोन वाजला. "काय आकडा?"

"पट्टीच नाही," जावकराव म्हणाले.

"ते रकान्यात बसत नाही. रकान्यात आकडाच बसतो. कालचाच लिहू?"

जावकराव तडक साहेबांकडे गेले. साहेब स्वतः आले, स्वतः टॉर्च धरला, स्वतः भिंत पाहिली. मग साहेब दाराबाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "हे बघा. पट्टी नसेल तर एकोणीस वर्षांचे आकडे खोटे. आकडे खोटे, तर त्यावरून केलेलं पाण्याचं वाटप खोटं, वार्षिक अहवाल खोटे आणि अहवालावर मिळालेली माझी बढती खोटी. असं कसं होईल? म्हणजे पट्टी आहे. ती या टॉर्चने दिसत नाही. टॉर्च निकृष्ट आहे असं लिहून द्या, मोठा मागवू."

"टॉर्च चांगला आहे, साहेब," जावकराव म्हणाले.

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जावकरावांनाही तसंच वाटलं. वरिष्ठांचं वाक्य पाकिटात न घालता त्याला उत्तर देण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग होता. पट्टी असो वा नसो, पाणी असो वा नसो, त्यांना त्याचं तितकंसं वाटलं नसतं. पण त्या टॉर्चसाठी त्यांनी वाट्या मोजल्या होत्या, रस्त्यात एकशेतेहतीस वेळा ओणवे झाले होते, चार परक्या माणसांसमोर मान खाली घातली होती. त्याला निकृष्ट म्हणणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

"उद्या सकाळपर्यंत लिहून द्या," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

जावकरावांनी रात्री लिहिलं. सकाळी कचेरी उघडताच स्वतःच्या हाताने जावक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि साहेबांकडे न पाठवता थेट मुख्यालयाला रवाना केलं. मजकूर तीन ओळींचा होता: टॉर्च दोनशे मीटरपर्यंत स्पष्ट दाखवतो. भिंत एकशेऐंशी मीटरवर आहे व ती स्पष्ट दिसते. भिंतीवर पातळीपट्टी नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं. "नोकरी जाईल का?"

"कदाचित."

"जाऊ दे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "लगेच नको, पण."

महिनाभर जावकराव दचकून दचकून जगले. साहेब त्यांच्याशी बोलेनासे झाले. कक्षातला माणूस 'कालचाच' लिहीत राहिला. आणि चक्क मुख्यालयाचं उत्तर आलं. साहेबांनी ते आधी वाचलं आणि महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मुख्यालयाच्या हिशेब तपासनिसांनी पत्र बारकाईने वाचलं होतं. भिंत एकशेऐंशी मीटरवर असताना दोनशे मीटरचा टॉर्च का घेतला? वीस मीटरचा जादा उजेड कोणाच्या परवानगीने खरेदी केला? खुलासा करावा आणि हा जादा उजेड वाया जाणार नाही याची व्यवस्था करावी. पट्टीविषयी पत्रात अवाक्षर नव्हतं.

व्यवस्था साहेबांनी केली. दारापासून मागे वीस मीटर मोजून त्यांनी जमिनीवर पांढरी रेघ मारून घेतली आणि आदेश काढला की मोजणी करणाऱ्याने यापुढे रेघेवर उभं राहूनच टॉर्च मारावा. त्यामुळे उजेड पूर्ण वापरला जाईल. दुसऱ्या दिवसापासून जावकराव रेघेवर उभे राहायला लागले. पंपवाला दार उघडायचा, जावकराव वीस मीटरवरून झोत टाकायचे, झोत दारातून, खांबांमधून जाऊन मोकळ्या भिंतीवर बसायचा. पाणी भरायला येणाऱ्या टँकरचे चालक थांबून बघायचे. चौथ्या दिवशी एकाने विचारलं, "हे काय करतात?" पंपवाला म्हणाला, "बघतात."

ते 'बघतात' जावकरावांना फार लागलं. मोजणीदारांबद्दलही तो हाच शब्द, याच आवाजात म्हणाला होता.

पाचव्या दिवशी साडेसातला फोन आला.

"काय आकडा? कालचाच?"

जावकरावांनी वही मिटली. मग म्हणाले, "नाही. लिहा. शून्य पूर्णांक शून्य शून्य."

"शून्य?"

"भिंतीवर काहीच नाही. काहीच नाही याचा आकडा शून्य. रकान्यात बसतो ना?"

बसला. आकडा असल्यामुळे फारच छान बसला. टाकी शून्यावर आली की गावाकडे जाणारी झडप लगेच बंद करायची, हा नियम कक्षात चौकट करून भिंतीवर लावलेला होता, आणि कक्षातल्या माणसाला आयुष्यात प्रथमच तो पाळायची संधी मिळाली. पावणेआठला गावातले सगळे नळ हवा सोडायला लागले. आठला साहेबांची गाडी टाकीवर आली. साहेब अर्ध्या आंघोळीतून उठून आले होते. केस ओले होते आणि डाव्या कानामागे साबणाचा फेस तसाच होता.

"टाकीत पाणी आहे ना?" त्यांनी ओरडून विचारलं.

"आहे."

"मग शून्य कसं सांगितलं?"

"जे दिसलं ते सांगितलं साहेब. टॉर्च चांगला आहे."

साहेब काही बोलणार होते. पण खिशातला फोन वाजला. घरून होता. घरी पाहुणे उतरलेले होते आणि त्यांच्यापैकी दोघांच्या अंगाला अजून साबण होता. साहेबांनी फोन ठेवला, कानामागचा फेस पुसला आणि रंगारी बोलावला.

एकोणीस वर्षांत जे झालं नव्हतं ते चार तासांत झालं. होडी नसल्यामुळे पलीकडच्या भिंतीपर्यंत कोणालाच जाता येईना, म्हणून नवी पट्टी दारालगतच्या पहिल्या खांबावर ठोकली. हात लांब केला तर हाताला लागेल अशी. दुपारी बाराला जावकरावांनी टॉर्च न लावता, दारात उभं राहून, नुसत्या डोळ्यांनी पाण्याची पातळी वाचली. दोन पूर्णांक सत्त्याऐंशी. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. मग तो वहीत लिहिला. त्या वहीतला तो पहिला खरा आकडा होता, आणि आजवर कागदावर जे पावणेदोन मीटर पाणी होतं ते गाव कधी प्यायलंच नव्हतं.

आता मोठी चौकशी होणार, या भीतीने साहेब दोन दिवस जेवले नाहीत. पण मुख्यालयाने वही पाहिली नाही, फक्त शेवटच्या दोन नोंदी पाहिल्या. सकाळी शून्य आणि दुपारी दोन पूर्णांक सत्त्याऐंशी. अवघ्या साडेचार तासांत रिकामी टाकी निम्म्याहून जास्त भरून दाखवल्याबद्दल साहेबांचं लेखी अभिनंदन करण्यात आलं. ते पत्र साहेबांनी चौकटीत बसवून खुर्चीच्या मागे लावलं.

जावकरावांनाही एक पत्र आलं. हिशेब तपासनिसांचं होतं. नवी पट्टी दारापासून एक मीटरवर असल्याचं निदर्शनास आलं असून, त्यामुळे खरेदी केलेल्या टॉर्चचा एकशेनव्व्याण्णव मीटर उजेड आता विनावापर पडून आहे. अशी गरजेबाहेरची वस्तू निवडण्यामागे नेमका काय विचार होता, याचा खुलासा आठ दिवसांत करावा.

जावकरावांनी पत्र घरी आणून बायकोला वाचून दाखवलं. मास्तरही ऐकायला आले होते आणि आमच्या वेळच्या कंदिलाला असा त्रास नव्हता, असं म्हणत होते. बायको म्हणाली, "माफी मागून टाका. एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा."

"एकच ओळ लिहिणार आहे," जावकराव म्हणाले, आणि चष्मा पुसून त्यांनी लिहिलं: 'पट्टी जवळ आली, त्यात टॉर्चचा दोष नाही.'